तंजावरला सव्वा तास पुरत नाही

फ्लॅटच्या फ्रिजवर लॅमिनेशन केलेला एक कागद चिकटवलेला होता. 'जवळपास काय बघाल.' मोठं देऊळ, सव्वा किलोमीटर, दीड तास. राजवाडा, नऊशे मीटर, एक तास. सरस्वती महाल ग्रंथालय, राजवाड्यातच, वीस मिनिटं.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "वीस मिनिटं? आमच्या ऑफिसात एक फेरफार शोधायला यापेक्षा जास्त वेळ लागायचा."

बाबा भूमी अभिलेखमधून रिटायर झाले. जुन्या मोडी कागदांत निम्मं आयुष्य गेलंय. वय ७७, गुडघे कुरकुरतात, बाहेरचं तिखट सोसत नाही. म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर आणि लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला, चार रात्रींसाठी. ओळखीतले सगळे म्हणाले, तंजावरला चार रात्री? काय करणार तिथं? तर ते सांगायलाच ही पोस्ट आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझंच पाप सांगते. सहा वर्षांपूर्वी मी याच गावात एका मराठी टूरबरोबर येऊन गेले होते. कंपनीचं नाव जाऊ द्या. बसमध्ये मॅनेजरनं माइकवरून आपले घोडे दक्षिणेत कुठवर दौडले ते सांगितलं, घोषणा झाल्या, अंगावर काटा वगैरे आला. मग उतरलो. नंदीपुढे ग्रुप फोटो, रांगेत दर्शन, परत बस. सव्वा तास! कारण आचारी पुरणपोळ्या करून पुढच्या कार्यालयात थांबला होता. जिथं भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षांहून जास्त राज्य केलं, त्या गावात राजवाड्याचा दरवाजासुद्धा न बघता आम्ही पुरणपोळी खाऊन मदुराईला गेलो. पोळी मऊसूत होती, खोटं कशाला बोलू.

शाळेच्या पुस्तकात व्यंकोजीराजांच्या वाट्याला दोन ओळी येतात: महाराजांचे सावत्र भाऊ, वाटणीवरून वाद. संपलं. १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतलं आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी वारस नाही म्हणून ते खालसा केलं. मधल्या काळात तिथं काय झालं हे आपल्याला कुणी शिकवलं नाही आणि आपणही कधी विचारलं नाही.

देवळाचं आधी उरकते, कारण त्याच्याबद्दल सगळं नेटवर मिळतं. राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलेलं, अख्खं ग्रॅनाइटचं, शिखर साठ मीटरहून उंच. मला एवढंच सांगायचंय की दुपारी जाऊ नका. दुपारी ते बंदही असतं, पण बंद व्हायच्या आधीच्या तासात फरशी तव्यासारखी तापते. चप्पल बाहेर ठेवावी लागते. बाबांना जाड मोजे घालून नेलं, तरी ते फुगडी घातल्यासारखे नाचत होते. पहाटे सहाला जा, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. संध्याकाळी गावातली माणसं डबे घेऊन हिरवळीवर बसलेली असतात, पोरं पळत असतात, दगडाचा रंग मधासारखा होत जातो. आणि हो, गाइड सांगेल की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. आम्हालाही सांगितलं. बाबांनी शांतपणे बोट दाखवलं. समोर पन्नासएक माणसं त्याच सावलीत बसून पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खात होती.

आता मुद्द्याची भिंत. आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे, गणपतीच्या देवळाच्या बाजूला चला. तिकडे गर्दी नसते. तिथं भिंतीवर देवनागरी अक्षरं कोरलेली आहेत, ओळींवर ओळी, आणि भाषा मराठी. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेलं भोसले वंशाचं चरित्र आहे ते. भोवती सगळीकडे तमिळ शिलालेख, आठशे वर्षं आधीचे, आणि त्यांच्या शेजारी हा मजकूर. शब्द सुटे नाहीत, शिरोरेषा एका दमात धावते, काही जागी दगड झिजलाय. बाबांनी हवेत बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. सातबारा वाचावा तसं: आधी नाव, मग नातं, मग कोणाचा कोण. अडले की मागच्या शब्दावर जायचे. तीन ओळींना अर्धा तास लागला असेल. शेजारी एक तमिळ कुटुंब थांबलं. त्यांच्यातल्या कॉलेजच्या मुलानं विचारलं, "हिंदी?" बाबा म्हणाले, "नो, मराठी." तो म्हणाला, "ओह, पॅलेस लँग्वेज."

राजवाड्याची भाषा. बाबांना ते इतकं आवडलं की आता ते घरी फोन उचलल्यावरही राजवाड्याच्या भाषेत बोलतात.

राजवाडा म्हणाल तर अवस्था बेताची आहे. मूळ बांधकाम मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचं, त्यावर मराठ्यांची भर. दरबाराचे खांब रंगीत आहेत, रंग उडालेत, कबुतरं आहेत. जयपूरच्या अपेक्षेनं जाल तर हिरमुसाल. पण आतल्या कलादालनात चोळ काळातल्या पंचधातूच्या मूर्ती आहेत आणि त्यातल्या एकीपुढे मी खरंच खिळून उभी राहिले. वृषभवाहन शिव, तिरुवेंकाडूहून आलेला, साल १०११. जटा पगडीसारख्या गुंडाळलेल्या, एक पाय तिरका, आणि उजवा हात हवेत असा टेकवलाय जणू कुणाच्या खांद्यावर ठेवलाय. तिथं नंदी होता. आता नाही. हात मात्र अजून त्याच्यावरच रेललेला. मी पुढे गेले, परत आले, बाजूनं बघितलं. तो नंदी दिसायला लागतो हो.

फ्रिजवरच्या कागदावर याचं नावही नव्हतं.

आता वीस मिनिटांचं ग्रंथालय. नायकांच्या काळापासून इथं ग्रंथसंग्रह होता, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. १७९९ मध्ये इंग्रजांशी तह झाला आणि राज्याचा कारभार गेला. हातात उरला किल्ला आणि आजूबाजूचा थोडा मुलूख. तेव्हा ते बाविशीतले होते. मग त्या माणसानं काय केलं, तर पुस्तकं जमवली. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, इंग्रजी, फ्रेंच, वैद्यक, संगीत, घोड्यांचे रोग, काहीही. डोळ्यांचे रोगी तपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या, रोगट डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. वाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि इसापनीतीच्या गोष्टी मराठीत छापल्या. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाई अजून पाळण्यातही नव्हती तेव्हा! १८२० च्या सुमारास हजारो माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. आज तिथं सुमारे ४९,००० हस्तलिखितं आहेत, त्यातली तीनेक हजार मराठी, शिवाय मोडीची दप्तरं वेगळी.

हस्तलिखितं हाताळायला परवानगी लागते, ते बरोबरच आहे. आपल्यासारख्यांसाठी एक छोटं संग्रहालय आहे. काचेखाली ताडपत्रं, नकाशे, चिनी शिक्षांची अंगावर शहारे आणणारी चित्रं. आणि एका फ्रेंच चित्रकारानं काढलेले चेहरे: माणूस आणि शेजारी त्याच्यासारखं दिसणारं जनावर. माणूस-घुबड, माणूस-बैल. बाबा तिथं उभे राहून ऑफिसातल्या एकेका साहेबाचं नाव घेत होते. त्यातच तासभर गेला. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आमचा एक हेलपाटा झाला.

मला इथं जे बोलायचंय ते हे. आपण तंजावरला जातो ते 'आपलं साम्राज्य' बघायला. तलवार शोधतो, ती सापडत नाही, मग देऊळ बघून येतो, जे आपलं नाहीच, चोळांचं आहे. तिथं आपलं जे आहे ते कागदावर आहे, आणि तेही एकट्या मराठीत नाही. व्यंकोजींचा मुलगा शहाजी (१६८४ ते १७१२ हा त्याचा काळ) तेलुगूत लिहायचा, मराठीत लिहायचा. आपण ज्याला पहिलं मराठी नाटक म्हणतो ते विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर सांगलीत १८४३ ला झालं, आणि त्याच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी या माणसाच्या दरबारात मराठी नाटकं लिहिली जात होती. त्याच्या एका नाटकाचं नावच 'पंचभाषाविलास'. कृष्ण आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या राजकन्या, आणि जो तो आपापल्या भाषेत बोलतो. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले वर्षभर भाषेवरून जी हाणामारी चाललीय ती आठवून मला हसू आलं. मी भाषेच्या बाजूनंच आहे, उगाच कमेंटमध्ये येऊ नका. पण माझी भाषा राहावी म्हणून शेजारणीची बंद पडली पाहिजे, हे गणित त्या दरबारात कुणाला सुचलं नव्हतं एवढं खरं. सरफोजींनी तर जगाचा भूगोल मराठीत गाण्यांतून सांगणारं 'देवेंद्र कुरवंजी' लिहिलं. कुरवंजी हा अस्सल तमिळ प्रकार, भविष्य सांगणाऱ्या कुरत्तीणीचा. तिच्या तोंडी मराठी आणि मराठीत जगाचा नकाशा! आपल्याकडे भूगोलाच्या तासाला कुणी हे लावेल का?

बाकी भराभर. शिवगंगा बागेतलं चर्च आवर्जून बघा, देवळाला लागूनच आहे. सरफोजींचे गुरू मिशनरी श्वार्ट्झ यांचं १७७९ चं. आत संगमरवरी शिल्प आहे: गुरू मरणशय्येवर, आणि राजा त्यांचा हात धरून उभा. राजानं ते लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करून घेतलं आणि खाली स्वतः इंग्रजीत कविता रचली. पूर्वेच्या बुरुजावरची मोठी तोफ पाच मिनिटांत होते. तंजावर पेंटिंग घ्यायचं असेल तर सोन्याचा वर्ख खरा की चमकी ते दिवसाच्या उजेडात बघा. मान हलवणारी बाहुली मात्र घ्याच, आमची बाहुली बाबांच्या प्रत्येक बोलण्याला होकार देते. मनोऱ्याला आम्ही गेलो नाही. साठ-पासष्ट किलोमीटर लांब, समुद्राकाठी, इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं म्हणून सरफोजींनी बांधलेला आठमजली बुरूज. ज्यांनी आपलं राज्य घेतलं त्यांच्या विजयाचा! यावर बाबांचं आणि माझं भांडण झालं. ते म्हणतात लाचारी, मी म्हणते नाइलाज.

तिरुवैयारू मात्र सोडू नका. बसनं १३ किलोमीटर. कावेरीच्या काठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी. १८४७ मध्ये गेले ते. देऊळ नंतर नागरत्नम्मा नावाच्या बंगळूरच्या गायिकेनं आपल्या कमाईतून बांधलं. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं, एक म्हातारे गृहस्थ हळू आवाजात काहीतरी म्हणत बसले होते. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आजही त्याच नावानं गातात, आपल्या कीर्तनकारांनी तिकडे नेलेले. हे मला तिथं कळलं, पुण्यात नाही.

शेवटच्या दिवशीची गोष्ट. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. आम्ही जिन्यात बोलत होतो ते ऐकून बाहेर आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मला पहिलं वाक्य कानडी वाटलं. दुसरं निम्मं कळलं. तिसऱ्याला उमगलं की त्या मराठीच बोलतायत, फक्त चाल तमिळ आहे आणि शब्द माझ्या पणजीचे. त्या जन्मात महाराष्ट्रात आलेल्या नाहीत. घरात घेतलं, पितळी डबऱ्यात कॉफी दिली, मग वाटीत पांढरट काहीतरी. "डांगर पचडी," म्हणाल्या. बाबांनी चमचा तोंडात घातला आणि थांबले. उडदाचं पीठ, ताक, वर मोहरीची फोडणी. "अगं, हे डांगर आहे," ते मला म्हणाले, जणू गावातला कुणी हरवलेला माणूस भेटला. "आई उन्हाळ्यात करायची." सांबाराचा शोध आपल्या राजांच्या मुदपाकखान्यात लागला ही कथा तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल, मला तिचा भरवसा वाटत नाही. डांगराची वाटी मात्र मी डोळ्यांनी पाहिली.

आजी बाबांना विचारत होत्या, तुमच्या गावाकडे अजून सगळे मराठीच बोलतात का. बाबा हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "सगळे?"

निघताना मी फ्रिजवरच्या कागदाच्या तळाशी मार्करनं लिहून आले: 'देवळात नैर्ऋत्य कोपऱ्यातली भिंत, अर्धा तास. कलादालनात नंदी नसलेला शिव, पाहिजे तेवढा वेळ.' मराठीत लिहिलं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आणि बाबांचे ते जाड मोजे गच्चीत दोरीवर वाळत राहिले. करड्या रंगाचे, डाव्याला अंगठ्याशी भोक. कुणी जाणार असाल तर इनबॉक्समध्ये सांगा, पत्ता देते. ते रोज विचारतायत.