बागुलबुवाचे दात काढू नका

प्रेमळ राक्षस बनवायचा म्हटलं की पहिला बळी जातो त्याच्या दातांचा. मग नखं जातात, शिंगांची टोकं गोल होतात, डोळे बशीएवढे होतात आणि पडद्यावर उरतो कापूस भरलेला बाहुला. त्याला बघून कुणी दचकत नाही, म्हणून तो जवळ आला तरी कुणाला काही वाटत नाही. माझं मत ठाम आहे. कौटुंबिक विनोदी चित्रपटातल्या राक्षसाला आधी खरोखर घाबरवता आलं पाहिजे.

2001 सालचा, पीट डॉक्टर दिग्दर्शित 'मॉन्स्टर्स, इंक.' पुन्हा बघा. त्यातला राक्षस सली अवाढव्य आहे, त्याला शिंगं आहेत, नखं आहेत आणि लहान मुलांना घाबरवण्याचंच काम करणाऱ्या कंपनीत तो अव्वल आहे. सरावाच्या खोलीत साहेब त्याला प्रात्यक्षिक दाखवायला सांगतात, तो डरकाळी फोडतो, आणि त्याला लाडानं 'किटी' म्हणणारी चिमुरडी भेदरून त्याच्यापासून दूर पळते. सलीला स्वतःचा तो चेहरा पडद्यावर दिसतो. इथून पुढचा सगळा चित्रपट त्या एका डरकाळीवर उभा आहे. दात नसते तर हा प्रसंगच लिहिता आला नसता.

आता केसांकडे येऊ, कारण अशा पात्राचा निम्मा जीव केसांत असतो. सलीच्या अंगावर सुमारे 23 लाख केस होते आणि त्याच्या काही फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे संगणकाला अंतिम चित्र काढायला, प्रत्येकी 11 ते 12 तास लागत. पण नुसती संख्या वाढवून लोकर मऊ दिसत नाही. प्रत्येक केसाची सावली शेजारच्या केसावर पडावी लागते, नाहीतर सगळी लोकर आतून दिवा लावल्यासारखी सपाट दिसते. साध्या शॅडो मॅपमध्ये, म्हणजे दिव्याच्या जागेवरून काढलेल्या सावलीच्या नकाशात, प्रत्येक पिक्सेलला दिव्यापासूनचं एकच अंतर (खोली) नोंदलेलं असतं: तिथवर उजेड, त्यापुढे अंधार. केस पिक्सेलपेक्षाही बारीक, त्यामुळे सावली लुकलुकते. हा चित्रपट बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओच्या टॉम लोकोविक आणि एरिक वीच यांनी 2000 साली मांडलेल्या डीप शॅडो मॅपमध्ये खोलीगणिक उजेड कसा कमी होत जातो तेच साठवलं जातं. पोटावरच्या केसांची मुळं गडद आणि टोकं उजळ दिसतात ती या हिशेबामुळे. हात फिरवावासा वाटतो तोही त्यामुळेच.

खरी कुस्ती लागते ती विनोद आणि केस यांच्यात. विनोदी हालचाल झटक्याची असते. दचकण्याचा शॉट घ्या: सेकंदाला 24 फ्रेम धरून 4 ते 6 फ्रेम अंग आक्रसतं, 2 फ्रेममध्ये ताणून टोकाला जातं आणि तिथे 8 ते 12 फ्रेम थांबतं. प्रेक्षक हसतो तो या थांब्यात, कारण पोझ वाचायला डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. पण केसांचं सिम्युलेशन, म्हणजे केस कसे हलतील याचा संगणकानं केलेला हिशेब, खरं भौतिकशास्त्र मानतं. मोठं डोकं 2 फ्रेममध्ये हातभर सरकलं की केस चाबकासारखे फटकारतात, एकमेकांत घुसतात, कधीकधी चक्क फुटतात. यावर तीन उपाय आहेत. एका फ्रेमचे अनेक उपटप्पे करून हिशेब करायचा. तेवढ्या फ्रेमपुरता केसांचा ताठपणा वाढवायचा. किंवा त्या जागी हातानं बसवलेले केस मिसळायचे. तिसरा कंटाळवाणा आहे, पण दिसायला बहुतेक वेळा तोच सरस. शॉट सुरू होण्याआधी 30-40 फ्रेमचा प्री-रोल, म्हणजे पडद्यावर न दिसणारी आधीची हालचाल, मात्र विसरू नका, नाहीतर पहिल्याच फ्रेमला केस अंगावर बसायच्या धडपडीत दिसतात.

दुसऱ्या टोकाला आहे 'हॉटेल ट्रान्सिल्वेनिया', 2012. दिग्दर्शक गेंडी टार्टाकोव्स्की हाताने काढलेल्या टीव्ही मालिकांतून आलेला, म्हणून तिथे भौतिकशास्त्रापेक्षा पोझ मोठी. पात्रं एका टोकाच्या आकारातून थेट दुसऱ्या टोकाला जातात. मला ती पद्धत मनापासून आवडते, पण तिची नक्कल करणारे एक चूक हमखास करतात: पोझ गाठली की पात्र पूर्ण गोठवतात. कागदावरच्या चित्राला ते चालतं, त्रिमितीय पात्र मात्र त्या क्षणी पुतळा होतं. थांब्यातही श्वासाइतकी, खांदा किंचित खाली येण्याइतकी हालचाल चालू राहिली पाहिजे.

वजनाचं गणित त्यामानानं सोपं. साध्या चालीला पावलामागे 12 फ्रेम, जड राक्षसाला 16 ते 20. थांबताना आधी कंबर थांबते, पोट 3-4 फ्रेमनंतर, केसांची टोकं त्याहून उशिरा. सगळं एकाच फ्रेमला थांबलं तर आत हवा भरल्यासारखं वाटतं.

'मॉन्स्टर्स, इंक.'मधल्या सलीच्या मित्राबद्दल, माइकबद्दल, थोडं सांगायलाच हवं. एकच डोळा, मान नाही, शरीर म्हणजेच चेहरा. मान नसल्यामुळे वर बघायचं तर अख्खा चेंडू मागे कलतो. दोन भुवया वेगळ्या हलवून शंका दाखवायची सोय नाही, म्हणून एकाच पापणीची एक बाजू वर, एक खाली घ्यावी लागते. अडचणीतून अभिनय कसा काढायचा याचा इतका चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल. सलीचा आवाज जॉन गुडमन आणि माइकचा आवाज बिली क्रिस्टल यांचे संवाद एकत्र ध्वनिमुद्रित केले होते. ॲनिमेशनमध्ये सहसा प्रत्येक कलाकार एकटाच बोलतो. एकमेकांचं बोलणं तोडण्यातली ती गंमत नंतर संकलनात जोडून आणता येत नाही.

शेवटचा मुद्दा स्पर्शाचा, आणि विद्यार्थ्यांची कामं इथेच सर्वांत जास्त फसतात. ॲनिमेटर काम करतो ते केस नसलेल्या मॉडेलवर. लहान मुलीचा हात तो राक्षसाच्या कातडीवर टेकवतो आणि रेंडर झाल्यावर तो हात लोकरीत बुडून गायब होतो. म्हणून मॉडेलवर केसांच्या लांबीच्या साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांश उंचीचं एक पारदर्शक कवच चढवा आणि हात त्या कवचावर टेकवा. तळव्याखाली त्याच्याहून जरा मोठा टक्कर-आकार, म्हणजे केसांना ढकलणारा अदृश्य आकार, ठेवा म्हणजे केस दबतील. हात उचलल्यावर ते लगेच उभे राहू देऊ नका. 10-12 फ्रेम हळूहळू वर येऊ द्या, म्हणजे तिच्या पंजाचा ठसा क्षणभर त्याच्या अंगावर दिसत राहील.