स्वमत, पान ८७

जूनमधल्या शनिवारी संध्याकाळी दादर पश्चिमेला गाईडं घ्यायला जाणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात दहावी आहे त्यालाच कळेल. एका हातात छत्री, दुसऱ्यात चिरंजीवांची यादी, पर्स बगलेत आणि मागच्या तीन छत्र्यांचं पाणी पाठीवर.

"दहावी, सेमी, सगळी द्या," मी ओरडले.

"हिंदी लोकभारती की लोकवाणी?"

इथेच माझी दांडी गुल. लोकभारती शंभर मार्कांच्या हिंदीची आणि लोकवाणी पन्नासच्या, हे ज्ञान मला त्या काउंटरवर प्राप्त झालं. घरी फोन लावला. "संयुक्त गं आई, पन्नासवालं!" आवाजात असा वैताग, जणू दहावी माझी आहे.

"मग संस्कृत पण संयुक्तच ना? शंभरचं 'आमोद' नको, पन्नासचं 'आनंद' द्यायचं?"

"दादा, आनंद कुठे मिळत असेल तर द्याच," मी म्हटलं. तो हसला नाही. त्याला हे दर जूनमध्ये ऐकावं लागत असणार.

खरं तर घरात गाईड आणायचं नाही, असं माझं धोरण होतं. बालभारती १९६७ पासून पुस्तकं काढतेय, जाणती माणसं बसून धडे निवडतात, तर पोराने ते वाचावेत, एवढीच माझी साधी अपेक्षा. शिवाय दहावीला भाषांना आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आलीय. मार्च २०१९ च्या परीक्षेपासून. पाठांतर बंद, मुलांनी स्वतः विचार करायचा, म्हणून त्यात 'स्वमत' नावाचा प्रश्न. मला तर हे फारच आवडलं होतं. आमच्या वेळी मत विचारायची पद्धतच नव्हती.

म्हणून नववीत मी त्याला बजावलं, "तुझ्या मनातलं लिही." विषय होता पाऊस. पोराने लिहिलं: 'पाऊस आला की हिंदमाताला पाणी भरतं. लोकल बंद पडतात. पप्पा उशिरा येतात आणि मला मोबाइल मिळतो. म्हणून मला पाऊस आवडतो.' मला भरून आलं. भांडुपच्या पोराचं पावसाबद्दल याहून प्रामाणिक मत काय असणार?

चारपैकी एक. खाली लाल शाईत 'मुद्दे कमी'.

समोरच्या ब्लॉकमधल्या मुलीला चारपैकी चार. तिचा पाऊस 'बळीराजाला संजीवनी देणारा' होता आणि त्यात 'मृद्गंध' होता. ही मुलगी सातव्या मजल्यावर राहते. मृद्गंध यायला आमच्या सोसायटीत माती आहे कुठे? सगळीकडे पेव्हर ब्लॉक. चौकशी केली तर वर्गातल्या निम्म्या पोरांना तोच मृद्गंध आला होता. सगळ्यांचं स्वमत एकच, आणि ते छापील.

धोरण तिथेच संपलं.

तर गाईडं आली. मराठीचा धडा पुस्तकात अडीच पानं, गाईडात अकरा. मोजली मी. त्या रात्री मी पोळ्या लाटत होते आणि तो ओट्याशेजारी स्टुलावर बसून पानं उलटत होता.

"आई, माझं मत सापडलं. पान ८७."

"वाच."

तो वाचायला लागला, "वाचनाने मनाची मशागत होते. ग्रंथ हेच..."

"...आपले खरे गुरू. ते कधी रागावत नाहीत, कधी फी मागत नाहीत," मी पोळी उलटता उलटता म्हणाले.

तो गाईड मिटून माझ्याकडे बघत राहिला. "तुला कसं माहीत?"

मी दहावी झाले १९९४ ला. आमच्या शाळेत गाईडला सक्त बंदी होती. बाईंच्या हातातलं, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक पाठ्यपुस्तक नव्हे, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. आम्हाला माहीत आहे, हे बाईंनाही. माझं गाईड दप्तराच्या तळाशी, डब्याखाली असायचं. पान ८७ ला तेलाचा डाग होता.

"पुढे वाच," मी म्हटलं. "'फी मागत नाहीत'नंतर स्वल्पविराम आहे का बघ. आमच्यात होता."

होता.