नागपूरला परदेशी विद्यापीठाची पाटी नको, प्राध्यापक हवेत

जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इथे कॅम्पस उघडण्यासाठी इरादापत्रं (सरकारची प्राथमिक संमती) मिळाली. यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन संस्था. तेव्हापासून ओळखीचे पालक मला विचारतात, "सर, आपल्या नागपूरला कधी?" कॅम्पस यायचं तेव्हा येईल. पण दोन देश मिळून शिक्षणसंस्था कशी उभी करतात, हे आपण विसरत चाललोय याची मला जास्त काळजी वाटते.

आयआयटी मद्रास १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीनं उभी राहिली. जर्मनांनी वर्कशॉप आणि प्रयोगशाळांसाठी यंत्रं दिली, प्राध्यापक पाठवले, आणि आपली माणसं तिकडे नेऊन शिकवून परत पाठवली. आयआयटी कानपूरला १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं एमआयटी, प्रिन्स्टन, पर्ड्यू धरून नऊ अमेरिकी विद्यापीठं सोबत होती. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० संगणक आला आणि पोरं स्वतः पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवर, प्रोग्राम चालवायला लागली. पाहुणे परत गेले तेव्हा इथली माणसं तयार झालेली होती!

आता आपल्याकडचे परदेशी विद्यापीठांशी होणारे करार बघा. शाल, श्रीफळ, दोन झेंडे, फोटो, पेपरात बातमी. सहा महिन्यांनी विचारलं की फाइल कुठल्या टेबलावर आहे तेही कुणाला सांगता येत नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे प्रॅक्टिकलला एका स्पेक्ट्रोफोटोमीटरपुढे (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) अख्खी बॅच ताटकळते. एकजण रीडिंग घेतो, बाकीचे उतरवून घेतात. एखाद्या परदेशी प्राध्यापकानं एक सत्र इथे राहून आमच्या पोरांसोबत त्या यंत्राला हात लावावा, एवढं जरी करारात असलं तरी मी त्याला सहकार्य म्हणेन.

नागपूर काही रिकाम्या हातानं मागत नाहीये. १९२३ पासूनचं विद्यापीठ आहे, पर्यावरण संशोधन करणारी नीरी आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं राष्ट्रीय महाविद्यालय आहे. रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली सुरू झालेली एलआयटी ही तंत्रज्ञान संस्था आता स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनी परदेशी संस्थेबरोबर मिळून द्यायच्या संयुक्त पदवीची वाटही मोकळी केली. त्यात दोन्ही संस्थांकडून किमान ३० टक्के क्रेडिट्स (अभ्यासाचे श्रेयांक) हवेत. पण त्यासाठी भारतीय संस्थेला नॅक या मूल्यांकन संस्थेचे चारपैकी किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा लागते. गोंदिया-गडचिरोलीतल्या बहुतेक कॉलेजांना हे झेपणारं नाही, आणि हुशार पोरं तर तिथेही आहेत.

म्हणून माझं सरळ मागणं आहे. नागपूरच्या मोठ्या संस्थेनं करार केला की त्यात विदर्भातल्या लहान कॉलेजांच्या तरुण शिक्षकांसाठी जागा राखून ठेवा. वर्षभर तिकडे पाठवा, पगार चालू ठेवा, आणि परतल्यावर त्यांना त्यांच्याच कॉलेजात प्रयोगशाळा उभारायला पैसे द्या. पुढच्या करारावर सही करण्याआधी कुलगुरूंनी ही अट घालावी. विद्यापीठाच्या सिनेटवर (अधिसभेवर) असलेल्या मित्रांनो, हा विषय पुढच्या बैठकीत मांडाल का?