दोघांनी धरलं म्हणजे सुटत नाही?

प्रो कबड्डीचा मोसम आला की एक सल्ला हमखास फिरायला लागतो: "चढाईला आलेला एकटा, आपण दोघं. कायम जोडीनंच धरा. एकट्यानं पाय धरायला जाणं म्हणजे निव्वळ हिरोगिरी."

"दोघांची ताकद जास्त." असेल. पण चढाईपटूला कुठे कुस्ती जिंकायचीय? धरलेल्या अवस्थेत त्याची बोटं मध्यरेषेपलीकडे टेकली तरी पुरे. निदानरेषेपासून (चढाईपटूला ओलांडावीच लागते त्या रेषेपासून) मध्यरेषा पुरुषांच्या मैदानात 3.75 मीटरवर; उंच गडी झेपावला की त्यातलं निम्मंअधिक अंतर नुसत्या अंगानं कापतो. म्हणून दुसऱ्यानं त्याला ओढत बसू नये, त्याच्या आणि रेषेच्या मध्ये शिरावं. दोघंही मागून कमरेला लोंबकळले तर दोघंही फरपटत जातात.

"गमावण्यासारखं काय आहे?" इथं तर हिशोबच चुकलाय. पकड एकानं करा की पाचांनी, गुण तोच. सुटला तर मात्र अंगाला लागलेले सगळे बाद आणि तितके गुण त्याला. 2017 मध्ये पाटण्याच्या प्रदीप नरवालनं हरियाणा स्टीलर्सचे सहा जण एकाच चढाईत टिपले. लोणाचे, म्हणजे अख्खा संघ बाद केल्याचे, दोन धरून आठ गुण! त्याची डुबकी तर साखळीच्या, म्हणजे हातात हात धरून उभ्या जोडीच्या, हातांखालूनच जायची. हात सोडावेत तर साखळी तुटते, धरून ठेवावेत तर खाली वाकता येत नाही.

"एकट्यानं धरणं हिरोगिरी." इराणचा बचावपटू फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यातून घोटा धरतो ती हिरोगिरी? सुरुवात कुणीतरी एकट्यानंच करायची असते, मदत क्षणभर मागून यायची असते. दोघं एकदम निघाले की चढाईपटूला दोघंही दिसतात. 2015 च्या विजेत्या यू मुंबाची मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही जोडी गाजली, पण ते उभे असायचे दोन टोकांच्या कोपऱ्यांत.

राहिलं "कायम". तीनच गडी उरलेत, अव्वल पकडीचे (सुपर टॅकलचे) दोन गुण समोर आहेत, तर जोडीनं जा; जोखीम परवडते. पण 'करो या मरो' चढाईत, म्हणजे लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसरीत, गुण चढाईपटूला हवाय. तीस सेकंद रिकामी गेली तर तो आपोआप बाद. तिथं अंतर राखून उभं राहायचं सोडून दोघं उतावीळपणे पुढे घुसले, की बाद व्हायला आलेल्याच्या पदरात दोन गुण आयते पडतात.