हटवून कुठे पाठवणार?

नागपुरातल्या मेडिकल चौक, राजाबाक्षा, हनुमाननगर या आमच्या भागात दर काही महिन्यांनी एक मागणी हमखास वर येते. फूटपाथवर झोपणाऱ्यांना हटवा. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चटया-गोधड्यांचे फोटो पडतात, खाली हात जोडलेल्या इमोजी आणि "साहेब लक्ष द्या". मी याच भागात राहते आणि या मागणीच्या विरोधात आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते.

तक्रार खोटी नाही, हे आधी मान्य करू. सकाळी शटर उघडायला आलेल्या दुकानदाराला पायरीवर बादलीभर पाणी मारावं लागतं. रात्री क्लासवरून येणाऱ्या पोरी दारू पिऊन पडलेल्यांना टाळायला फूटपाथ सोडून भर रस्त्यातून चालतात. भांडणं होतात, शिवीगाळ होते. हे रोज सोसणाऱ्याला 'तुम्हाला माणुसकी नाही' असं सुनावणं मला पटत नाही.

पण हटवून काय होतं, ते या शहरानं पाहिलं आहे. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या बैठकीसाठी नागपूर सजलं, भिंती रंगल्या, आणि पोलिसांनी कलम १४४ लावून रस्त्यांवर, चौकांत भीक मागायला बंदी केली. आज पंचशील चौकात लाल सिग्नलला काच खाली करून बघा, काय बदललं ते. भीक प्रतिबंधक कायदा तर १९५९ चा आहे. वॉरंटशिवाय पकडता येतं, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. भीक मागणं हाच गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं दिल्ली हायकोर्टानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती रद्द केली, महाराष्ट्रात कायदा लागूच आहे. इतकी वर्षं पकडापकडी करूनही रस्ते रिकामे झालेले नाहीत.

मुळात त्या फोटोंमधली माणसं आहेत तरी कोण? मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या कंपाउंडला लागून रात्री जे झोपलेले दिसतात, त्यातल्या कितीतरी जणांना गावाकडे घर आहे, कुणाला शेतीही आहे. ते गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून, बालाघाट-शिवनीकडून आलेले पेशंटचे नातेवाईक असतात. वॉर्डात पेशंटजवळ एकालाच थांबता येतं, बाकीचे बाहेर. एकदा जवळून बघा. प्लास्टिकची चटई, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, आणि एक्स-रेचं मोठं पाकीट चटईखाली सपाट सरकवलेलं, दुमडू नये म्हणून. झाडाच्या फांदीवर धुतलेलं लुगडं वाळत घातलेलं. ऑपरेशन पुढे ढकललं की यांचा मुक्कामही वाढतो. हातातले पैसे औषधात गेलेले, मग लॉज कुठलं? ते लुगडं वाळत घालणाऱ्या बाईला 'हटवा' म्हणजे नक्की कुठे पाठवा?

त्याच रांगेत पुढे ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर काम मिळवणारे मजूर असतात. सकाळी सातला ठिय्यावर हजर असलं तरच ठेकेदार उचलतो. लग्नसराईत हेच लोक कॅटरिंगमध्ये वाढपी म्हणून जातात. त्यातल्या एकाला मी विचारलं होतं, मनपाच्या निवाऱ्यात काहून जात नाही? तो म्हणाला, "जागा असते ताई, नाई असं नाई. पण लग्नाचं काम रात्री दोनले सुटते. तवा दार कोण उघडन? अन् माह्या पिशवीची गॅरंटी कोण घेईन?"

त्या पिशवीत कॅटरिंगचा पांढरा शर्ट असतो, काळी पँट असते आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड. फूटपाथ मोकळा करताना पहिली उचलली जाते ती पिशवीच. शर्ट गेला की कॅटरिंग गेलं, आधार गेलं की रेशनपासून दवाखान्याच्या योजनेपर्यंत सगळं अडलं. काल ज्याला फक्त झोपायला जागा हवी होती, त्याला आज सगळंच हवं असतं, आणि तो हात पसरायला आपल्याच चौकात येतो. मला हटाव मोहिमेची सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. ज्याचा आपल्याला त्रास होतो, तेच आपण वाढवतो आहोत.

मनोरुग्णांचा प्रश्न वेगळा. ताजबागच्या आसपास आणि स्टेशनजवळ असे लोक नेहमी दिसतात, आपण घाबरतो आणि बाजूने निघून जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला ताब्यात घेऊन चोवीस तासांत आरोग्य संस्थेत तपासणीला नेणं आणि बेघर असेल तर घरच्यांचा शोध घेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ठाण्यात फोन करताना हे कलम नाव घेऊन सांगा.

घरच्यांनी बाहेर काढलेले म्हातारे, सिग्नलवर फुगे विकणारी बिऱ्हाडं, यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. एवढंच सांगते की बिऱ्हाडाला निवाऱ्यात नेऊन पुरुष एकीकडे, बायका-लेकरं दुसरीकडे केलं, तर कुणीच तिथे टिकणार नाही.

उघड्यावर झोपणं म्हणजे काय, याचा हिशोब याच शहरात आहे. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. मे महिन्यात तो पंचेचाळीसच्या वर जातो, आणि पेपरमध्ये कोपऱ्यात ओळी येतात, 'अनोळखी इसमाचा मृतदेह, उष्माघाताचा संशय'. जून २०२४ मध्ये दिघोरीत फूटपाथवर झोपलेल्यांवर कार गेली, दोन जीव गेले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याजवळ वाघोलीला फूटपाथवर झोपलेल्यांवर डंपर गेला, त्यात दोन चिमुकल्यांसह तिघे मेले. ती माणसं आपल्या अमरावतीकडून कामासाठी गेलेली होती.

२०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची निवाऱ्याची सोय हवी, माणशी किमान ५० चौरस फूट जागेसकट. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्या आकड्यानेही २,४०० जणांची सोय. ती कुठे हवी? मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांपाशी, कॉटन मार्केटपाशी, कळमन्याच्या बाजारापाशी, जिथे काम आणि दवाखाना आहे तिथे. दार रात्रभर उघडं हवं आणि पिशवी ठेवायला कुलपाचा कप्पा हवा. आणि दुकानाच्या पायरीचा प्रश्न सुटायचा तर रात्रभर उघडं, फुकट शौचालय पाहिजे. माणूस पहाटे चारला जाणार कुठे?

नगरसेवक हे ऐकत नाहीत, कारण यातल्या बहुतेकांचं मत नाही. पण बेघर माणसालाही मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. पत्त्याचा पुरावा नसेल तर बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याने, रात्री त्या जागी जाऊन, माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं असतं. हा नियम निवडणूक आयोगाचाच आहे. कॉलनीत मतदार नोंदणी शिबिर लावतो, तेव्हा एक टेबल मेडिकलच्या भिंतीपाशी लावायला काय हरकत आहे?

मेडिकलजवळ नातेवाइकांसाठी निवारा आणि रात्रीचं शौचालय, या दोन मागण्यांचा अर्ज मी मनपा आयुक्तांच्या नावानं लिहून ठेवला आहे. दुकानदारांच्या सह्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण रोजचा त्रास त्यांना आहे. राजाबाक्षा ते मेडिकल चौक पट्ट्यातल्या कुणालाही सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, संध्याकाळी सातनंतर कागद घेऊन मीच येते.