वाळूची पुरचुंडी

माझी वाळूची पुरचुंडी नेणारा माणूस आत्ता समोरच्या गच्चीत गुडघे शेकत बसलाय. मला खिडकीतून दिसतोय. त्यामुळे लिहिताना मध्येच जीभ घसरली तर सांभाळून घ्या.

काम साधं होतं. गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे. नवा पॅड साधारण १० मिलिमीटर जाड असतो, झिजत ३ वर आला की काढावा. माझे त्याच्याही खाली गेले होते. जागा म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरामागचं पत्र्याचं शेड, महिना जानेवारी, वेळ सकाळी साडेसहा. एवढ्या पहाटे का, असं विचारणाऱ्याने दुपारी बारा वाजता पत्र्याखाली बसून दाखवावं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. गोव्याची मंडळी चोर्ला घाट चढून इथली थंडी बघायला येतात आणि कुंदा घेऊन परत जातात. त्यांना एकदा आमच्या शेडात आणायला पाहिजे. निरभ्र रात्री पत्रा आपली सगळी ऊब आभाळाला देऊन टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. मग आतली दमट हवा त्याच्या पोटाला थेंब होऊन लटकते. थेंब कुठे पडायचं ते तुम्ही वाकेपर्यंत ठरवत नाही. वाकलात की मानेवर.

पण खरा चोर पत्रा नव्हे, फरशी. शहाबादी फरशीवर पाठ टेकली की ती पाच मिनिटांत अंगातली ऊब ओढून घेते. नुसता पुठ्ठा टाकून भागत नाही, ऑइल सांडलं की त्याचा लगदा होतो. खाली इंचभर थर्माकोल, त्यावर किलतान म्हणजे गोणपाट, सगळ्यात वर जुनं घोंगडं. थर्माकोलवर पेट्रोल मात्र सांडू देऊ नका, तो विरघळतो आणि तुम्ही खड्ड्यात. गळ्यात मफलर नको. इंजिन चालू असताना त्याचं टोक पट्ट्यात गेलं तर थंडी कायमची संपेल. कानटोपी घाला. हातात आधी पातळ लोकरीचे मोजे, वरून नायट्राइलचे, म्हणजे रबरी. उलटं केलंत तर लोकर ऑइल पिते. नट-बोल्टचे पाने रात्री शेडात ठेवू नयेत, स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवावेत. (यावर आमच्या घरात एकमत नाही.)

आणि पुरचुंडी. दोन वाट्या चाळलेली, खडखडीत कोरडी वाळू लोखंडी तव्यावर सात-आठ मिनिटं हलवत तापवायची. ओली असली तर वाफ सुटून चटका बसतो. सुती कापडाच्या दुहेरी घडीत गच्च बांधून स्वेटरच्या खिशात टाकायची. अर्धा-पाऊण तास ऊब टिकते. बोटं बधिर झाली की एक मिनिट खिशात हात, की परत नट हातात धरल्याचं कळायला लागतं.

तर चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले, मागच्या चाकाला वीट लावली, जॅक मारला, स्टँड लावला, चाक काढलं. इथपर्यंत सुखाचं होतं. मग दारात समोरचे काका उभे राहिले. शेडाचं दार पूर्वेला आहे. उन्हाची पहिली तिरीप जिथून येते, बरोब्बर तिथे. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, हातात चहाचा ग्लास. एकच ग्लास.

"काय करूलालास रे?"

"ब्रेक पॅड बदलतोय, काका."

"एवढ्या थंडीत?"

"ब्रेक थंडीतपण लागतात."

यावर त्यांनी एक घोट घेतला, विचार केला आणि दार ओढून घेतलं. "वारं येऊलालंय."

"काका, उघडं राहू दे. मला दिसत नाही."

"शेगडी आणू काय? आमच्यात आहे."

मी कॅलिपरखालून (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) जमेल तेवढं समजावलं. बंद जागेत कोळशाचा धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत नेमकी शेगडीपाशी पोचते.

"आमच्या वेळी सगळं घर शेगडीवर शेकायचं. कोण मेलं नाही."

"घरात पेट्रोल होतं काय?"

"रॉकेल होतं."

बाहेरून दूधवाला कानडीत, फार थंडी आहे म्हणून, ओरडला, "भाळ थंडी ऐत्री!" आणि गेला. सकाळभरात मला मिळालेली ही एकमेव सहानुभूती.

कॅलिपरच्या खालच्या पिनेचा बोल्ट काढला, तो बधिर बोटांतून निसटला आणि घरंगळत काकांच्या चपलेखाली गेला. "काका, पाय उचला." त्यांनी डावा उचलला. बोल्ट उजव्याखाली. "दुसरा." त्यांनी डावा ठेवला, उजवा उचलला, तोल गेला, माझ्या खांद्याला धरलं आणि त्यांचा हात खिशाला लागला.

"हे काय रे गरम?"

सांगायला नको होतं. सांगितलं. "बघू, गुडघ्याला बरं वाटतंय काय," म्हणाले. वाटलं. पुरचुंडी गुडघ्याला लावून लंगडत, चहाचा रिकामा ग्लास माझ्या बॉनेटवर ठेवून, काका घरी गेले.

पुढचं काम कोरड्या थंडीत. जुना पॅड आडवा धरून सी क्लॅम्पने, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्याने, कॅलिपरचा पिस्टन आत दाबायचा, दाबताना वरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल चढतं, ते उतू जाऊन रंगावर पडलं तर रंग गेला. पिनांना साधं ग्रीस चालत नाही, रबर फुगतं. ब्रेकचं वेगळं सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेच लावायचं. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत मारायचं. हे सगळं मला पाठ आहे, बोटांना नव्हतं. एका चाकाला दोन तास गेले, आणि मदतीला आलेला माणूस जर घरातच राहिला असता तर सव्वा तासात झालं असतं. वर लोक म्हणतात, शेजार चांगला पाहिजे.

पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे लागतात, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. उजव्या चाकापर्यंत पोचायच्या आत पत्रा तापला आणि मी घोंगडं गुंडाळलं.

दुपारी काकांचा नातू आला. हातात पुरचुंडी. वाटलं, परत आली.

"आजोबा म्हणाले, गार झालीय, तापवून द्या. आणि पुढच्या वेळी तीन वाट्या घाला म्हणाले, दोन गुडघ्यांना पुरत नाही."

तापवून दिली. गाडी अजून स्टँडवर आहे.