‘डीकेएमएस टाका आणि निवांत राहा’ म्हणे!

कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आम्हा लोकांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज सारखा फिरतोय. “लिनक्सवर यूएसबी वायफाय चालत नसेल तर गिटहबवरचा ड्रायव्हर डीकेएमएसमधून टाका, सिक्युअर बूट बंद करा, कर्नल अपडेट बंद करा. परत बघायला नको.” (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर म्हणजे वायफायसारखं यंत्र त्याच्याकडून चालवून घेणारा प्रोग्रॅम, गिटहब म्हणजे प्रोग्रॅमचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, ठेवायची साइट, डीकेएमएस म्हणजे तो सोर्स तुमच्या कर्नलसाठी कंपाइल, म्हणजे चालण्याजोगा, करून देणारं साधन, आणि सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय.) सल्ले तीन, आणि वर हमी. हमीच खोटी आहे, म्हणून तिथूनच धरतो.

दिवाळीनंतर गुळाचा हंगाम भरात असताना मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन आला. “दादा, वायफाय गायबच झालंय. शेतकऱ्यांच्या पट्ट्या कशा पाठवू?” जाऊन बघितलं तर उबुंटू २४.०४, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. आदल्या संध्याकाळी पोरानं साठलेले अपडेट एकदम घेतलेले आणि कर्नल ६.११ वरून ६.१४ वर गेलेला. डीकेएमएस होतंच की! त्यानं इमानेइतबारे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर कंपाइल करायला घेतला आणि निम्म्यात आपटला. लॉग, म्हणजे कामाची नोंद, उघडली तर मॉनिटर चॅनल लावणाऱ्या फंक्शनपाशी (कोडच्या एका तुकड्यापाशी) एरर. कर्नल ६.१३ पासून त्या फंक्शनला एक जादा आर्ग्युमेंट, म्हणजे एक जादा माहिती, द्यावी लागते. दुकानातला ड्रायव्हर त्याच्या आधीचा.

डीकेएमएस काय करतं? नवा कर्नल आला की तुमच्याकडचा तोच सोर्स पुन्हा कंपाइल करतं. सोर्स दुरुस्त करणं त्याचं काम नाही. उद्यमनगरातल्या लेथवाल्याला जुनं ड्रॉइंग दिलं तर तो जुन्याच मापाचा बुश काढणार, मग शाफ्ट बदललेला असो नाहीतर नसो. माप कुणीतरी बदलून द्यावं लागतं. गिटहबवर कुणी फावल्या वेळात ती दुरुस्ती केली, तरी ती आपोआप तुमच्या मशीनवर उतरत नाही. तुमच्याकडची कॉपी तुम्ही टाकलेल्या दिवसाचीच.

यावर ठरलेली तक्रार असते की कर्नलवाले मुद्दाम मोडतात. तसं नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमना कर्नलशी बोलायची जी दारं आहेत ती मोडायची नाहीत, यावर ते लै कडक असतात. आतल्या फंक्शनबद्दल मात्र त्यांनी असा शब्द कधीच दिलेला नाही. आतलं फंक्शन बदललं की कर्नलमधल्या सगळ्या ड्रायव्हरना ते स्वतःच जुळवून घेतात. बाहेरचे ड्रायव्हर त्यांच्या हिशेबातच नसतात.

सिक्युअर बूट बंद करायची गरजच नाही. उबुंटूवर डीकेएमएस बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढच्या बूटला निळा स्क्रीन येतो, त्यात सहीची किल्ली नोंदवायला ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो स्क्रीन दहा सेकंदच थांबतो. आपण तेवढ्यात चहा घ्यायला उठतो, की गेला, आणि मग सही न ओळखल्यामुळे कर्नल ड्रायव्हर नाकारतो. एकदा ती किल्ली नोंदवली की पुढचे ड्रायव्हर तिच्याच सहीनं चालतात.

आणि कर्नल अपडेट बंद करणं म्हणजे दार वाजतंय म्हणून कडीच काढून टाकणं. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेनं येतात. जुना कर्नल ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ठेवलेलाच असतो, अडचणीत त्यावर बूट करा आणि कामाला लागा. नेटच नसेल तर मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग लावा, म्हणजे मोबाइलचं नेट मशीनला मिळतं. त्याला ड्रायव्हर शोधावा लागत नाही.

अडत दुकानात खरी गंमत पुढं झाली. यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी एलएसयूएसबी कमांड मारली तर वायफाय अडॅप्टरची चिप ८८२१सीयू. या चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्येच आलाय, ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून. मशीन आधी २२.०४ वर ५.१५ कर्नलनं चालायचं, तेव्हा बाहेरचा ड्रायव्हर टाकणं बरोबरच होतं. पण त्याच्या इन्स्टॉलरनं कर्नलमधला ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करणारी, म्हणजे तो सुरूच होऊ न देणारी, एक फाइल मॉडप्रोब डॉट डी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, ती अपग्रेडनंतरही तशीच. म्हणजे बाहेरचा बांधला जाईना आणि घरातल्याला दार बंद! डीकेएमएसमधून तो ड्रायव्हर काढला, ब्लॅकलिस्टची फाइल उडवली, रीबूट केलं. नेटवर्कची यादी आली. मालक म्हणाले, “एवढंच होतं व्हय?”

एवढंच होतं. म्हणून नवा ड्रायव्हर शोधण्याआधी मी आता ‘युनेम आर’ ही कमांड मारून कर्नल कुठला ते बघतो, मग चिप कुठली ते बघतो. नवीन अडॅप्टर घ्यायचा असेल तर मीडियाटेकच्या ज्या चिपा कर्नलमधल्या एमटी७६ ड्रायव्हरवर चालतात त्यांतली घ्यायला सांगतो. बॉक्सवरच्या मॉडेल नंबरावर मात्र जाऊ नका. एकाच मॉडेलच्या व्हर्जन एक आणि दोनमध्ये वेगळी चिप निघते. दुकानात लॅपटॉप घेऊन जा, अडॅप्टर लावून बघा आणि मगच पैसे द्या.